विहीणबाईंचा खरा आवाज

वैजयंती मगदूम यांचा आवाज सांगलीत ओळखीचा होता. मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहून त्या "बाद!" म्हणाल्या की पलीकडच्या रस्त्यावरून चाललेला सायकलवालासुद्धा दचकून आपल्या पायाखाली बघायचा. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही जिल्ह्याच्या मुलींचा कबड्डी संघ त्यांच्याच हाताखाली होता. मनात येईल ते त्याच क्षणी तोंडावर. कुणाला लागलं तर त्याला म्हणायच्या, "लागू दे की. उद्या भरून येईल."

त्यांचे पती शीतल मगदूम. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. बाहेरच्या माणसाला ते चटकन पटत नाही. शीतलराव विमा कार्यालयात होते. बोलणं हळू, चालणं हळू, आणि डोळे कायम भरून यायला टेकलेले. बायको संघ घेऊन गावोगाव जायची तेव्हा मुलीला त्यांनीच वाढवलं. पाय लांब करून त्यावर बाळाला पालथं घालायचं, टाळूला तेल जिरवायचं, न्हाऊ घालायचं, हे सगळं ते आपल्या मावशीकडून शिकले होते. शेजारच्या बायका आधी हसायच्या, मग स्वतःची बाळं घेऊन विचारायला यायच्या.

त्यांची मुलगी ऋजुता बॅटऱ्यांचं रसायनशास्त्र शिकून फिनलंडमधल्या औलू या गावी नोकरीला गेली आणि तिथल्या एरो नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. एरो कर्णयंत्रं बनवायचा. त्याची आई कारिना उत्तरेकडच्या रेनडिअर हरणांची डॉक्टर होती, नुकतीच निवृत्त झालेली. वडील तौनो लहान मुलांना गाणं शिकवायचे.

या दोन घरांची सोयरीक जुळली ती दुभाष्यामुळे.

दुभाष्या म्हणजे कानात घालायचा एक मणी. तो बाहेरचा आवाज पूर्ण दाबून टाकायचा आणि समोरच्याचं बोलणं त्याच्याच आवाजाच्या जातीत, पण तुमच्या भाषेत, ऐकवायचा. तो आल्यापासून मोडकं इंग्रजी बोलायचे कष्ट कुणी घेत नसे. पहिल्या पिढीतली अशी यंत्रं नुसते शब्द बदलायची, आणि त्यावरून भांडणं व्हायची. फिनलंडचा माणूस "मीठ दे" म्हणाला तर तो उद्धट नसतो, तिथं तसंच म्हणतात. पण मराठीत ते तसंच उतरलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी. उलट आपलं "या की, बसा की, जेवूनच जा" तिकडे जसंच्या तसं गेलं की त्या लोकांना वाटायचं, यांना काहीतरी विकायचंय. म्हणून दुभाष्यात 'स्वभाव-थर' बसवला गेला. बोलणारी व्यक्ती तिच्या समाजातल्या, तिच्या वयाच्या बायकांच्या किंवा पुरुषांच्या तुलनेत किती तिखट, किती नम्र, किती प्रेमळ बोलते हे तो थर मोजायचा आणि ऐकणाऱ्याच्या समाजात तिला तशाच जागी नेऊन बसवायचा. स्वभावाला त्या त्या देशाचे कपडे घालायचे, एवढीच कल्पना. चांगली कल्पना होती.

दर रविवारी दुपारी दोन्हीकडचे आईवडील पडद्यावर भेटायचे. फोन बंद झाला की वैजयंतीबाई म्हणायच्या, "विहीणबाई म्हणजे नुसतं साखरेचं पोतं. मला तर बोलताना जीभ सांभाळावी लागते."

शीतलरावांना वेगळंच नवल वाटायचं. "व्याही बोलतात केवढं! हात काय हलवतात, तोंड काय हलतंय. आणि कानात येतं काय, तर 'ठीक आहे, बघू.'"

"मोठी माणसं थोडंच बोलतात," वैजयंतीबाई म्हणायच्या. "तुम्ही शिका जरा."

ऋजुताला दिवस गेले तेव्हा प्रश्न उभा राहिला, बाळाजवळ राहायला कोण जाणार? एरोला सहा महिन्यांनी रजा मिळायची होती, त्याआधी नाही. दीर्घ मुक्कामाचा परवाना आजी-आजोबांपैकी एकालाच मिळे, असा तिथला तेव्हाचा नियम होता. मगदूमांच्या घरात हा प्रश्नच नव्हता. शीतलरावांनी अळीव आणि डिंक आणून ठेवला होता, लोकरीचे मोजे घेतले होते आणि फिनिश भाषेत 'बाळ' आणि 'झोप' हे दोन शब्द पाठ केले होते.

त्या रविवारी वैजयंतीबाईंनी पडद्यासमोर बसून सरळ सांगितलं, "विहीणबाई, मला बाळाचं काडीचं कळत नाही. मला नका बोलावू. ह्यांना पाठवते, हे सगळं करतील."

शीतलराव पुढं सरकून म्हणाले, "मला यायचंय. फार दिवसांपासून मनात आहे."

कारिना मान हलवत गोड हसली. "किती सुंदर बोललात," असं वैजयंतीबाईंच्या कानात आलं. त्यांना वाटलं, ठरलं.

दोन दिवसांनी ऋजुताचा फोन आला. ती आईशी मराठीतच बोलायची, मधे कुठलं यंत्र नसायचं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"आई, कारिना म्हणाल्या की तुला यायचंय. त्या म्हणाल्या, तुझी आई लाजत लाजत म्हणाली की मला फारसं येत नाही, पण बाळासाठी जीव तुटतोय. आई, खरंच? तू स्वतःहून म्हणालीस?"

वैजयंतीबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साठ वर्षांत असं क्वचितच झालं असेल. मुलगी पलीकडे हसत होती, बहुतेक रडतही होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, दहावीच्या निकालाला, पहिल्या तापाला पप्पा होते. आता आई येणार होती, आणि तीसुद्धा आपल्या मनानं.

"होय की," वैजयंतीबाई म्हणाल्या. "येते."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. शीतलराव डिंक तळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. झारा खाली ठेवून त्यांनी गॅस बारीक केला.

"तिला आई हवी आहे," ते म्हणाले. "ते बरोबर आहे, वैजू. तू जा. लाडू जरा जास्त बांधतो."

"अहो, पण मी तसं म्हटलंच नव्हतं."

"माहीत आहे मला. पण आता सांगू नकोस तिला."

*

औलूला वैजयंतीबाई पोचल्या तेव्हा बर्चच्या झाडांची पानं पिवळी झाली होती. नात दहा दिवसांची होती. तिचं नाव सुवी ठेवलं होतं. फिनिशमध्ये सुवी म्हणजे उन्हाळा. पहिल्यांदा तिला हातात घेतलं तेव्हा वैजयंतीबाईंचे खांदे दगड झाले. खेळाडूचा निखळलेला सांधा जागेवर बसवताना ज्यांचा हात कधी कापला नाही, त्या बाईला त्या एवढ्याशा मानेची भीती वाटत होती.

कारिना रोज सकाळी यायची. उंच, हाडापेरानं मोठी, करडे केस कापलेले. ती वैजयंतीबाईंकडे बघून म्हणायची, "किती छान धरलंय. मानेखाली हात असला तर आणखीच गोड दिसेल." वैजयंतीबाईंना वाटायचं, ही फोटोसाठी सांगते आहे.

दुपारी कारिना वाटाण्याचं दाट सूप करून द्यायची. खास मांस न घालता. पहिल्याच दिवशी वैजयंतीबाई म्हणाल्या, "अळणी आहे हो. तिखट तर औषधालाही नाही." कारिनाच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. दुसऱ्या दिवशी तेच सूप आलं. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर रोज वाटाण्याचं सूप आलं, आणि वैजयंतीबाई ते गिळत राहिल्या. आपण स्पष्ट सांगूनही ही बाई प्रेमानं आणतेच आहे, तर आता काय करणार?

बाळाला बाबागाडीत घालून, गुंडाळून, बाहेर थंडीत झोपवायची तिथली पद्धत. वैजयंतीबाई खिडकीतून बघत बसायच्या. शीतलरावांना त्यांनी फोनवर हे सांगितलं. "टोपी घातली होती का?" पलीकडून लगेच प्रश्न आला. "दोन घाल. एक सुती, आतून." मग रोज तोच एक फोन, तेच प्रश्न. दूध किती प्यायली, झोपली कशी, नखं कापली का. वैजयंतीबाई उत्तरं द्यायच्या आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात यायचं, हे सगळं त्या माणसाचं होतं, आणि आपण त्याच्या जागेवर बसलोय.

एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची झाली. एका संध्याकाळी सुवी रडायची थांबेना. ऋजुता दमून झोपली होती. वैजयंतीबाईंना अंगाई एकही धड येत नव्हती. त्यांनी बाळाला छातीशी धरलं, श्वास भरला आणि एका दमात सुरू केलं, "कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी..." श्वास पुरेपर्यंत. बाळ गप्प. दम संपला तसं त्यानं पुन्हा ओठ काढला. वैजयंतीबाईंनी पुन्हा चढाई केली. सातव्या-आठव्या चढाईला नात झोपली, आणि आजी घामाघूम होऊन जमिनीवर बसली.

ऋजुता अर्धवट झोपेत दोघींची बोलणी ऐकायची. तिला दोन्ही भाषा कळत होत्या, आणि तिला नवल वाटायचं. आई इतकी फटकळ, सासूबाई त्याहून, आणि दोघी एकमेकींना काहीबाही बोलून हसतात कशा? बाळानं दोघींना मऊ केलं, असा तिनं अर्थ लावला आणि कूस बदलली.

*

एका शनिवारी कारिना वैजयंतीबाईंना आपल्या घरी सौनाला घेऊन गेली. सौना म्हणजे लाकडी खोली. आत दगड तापवतात, त्यावर पाणी मारतात आणि त्या वाफेत बसतात. तिथली उष्णता कुठलंच यंत्र सोसत नाही. दुभाष्याचे दोन्ही मणी बाहेर खुंटीजवळ काढून ठेवावे लागले.

वैजयंतीबाई जुना सुती गाऊन घालून वरच्या फळीवर बसल्या. कारिनानं दगडांवर पळीभर पाणी फेकलं. वाफेचा लोट आला आणि कानांच्या पाळ्या पेटल्या.

"अगं बाई, भाजलीस की मला!" वैजयंतीबाई ओरडल्या. आवाज भिंतींवर आपटला.

कारिना दचकली. मग हसली. ते हसणं कानात यायचं तसं मंजुळ नव्हतं. घोगरं, पोटातून आलेलं, बैलाला हाकारावं तसं. हसता हसता तिनं फिनिशमध्ये काहीतरी सुनावलं आणि मुद्दाम आणखी एक पळी मारली. वैजयंतीबाईंनी तिच्या हातातून पळी हिसकावली आणि दोन मारल्या. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता, पण आवाज कळत होता. वैजयंतीबाईंच्या मनात आलं, ही बाई मी ओळखते. ही पकडीला उभी राहणारी आहे.

बाहेर येऊन, टॉवेल गुंडाळून, गार पाणी पिताना दोघींनी मणी कानात घातले. कारिना काहीतरी म्हणाली, आणि वैजयंतीबाईंच्या कानात मधासारखा आवाज आला, "तुम्हाला फार त्रास तर नाही ना झाला?"

वैजयंतीबाईंनी मणी काढला. खुणेनं सांगितलं, पुन्हा बोल. कारिना बोलली, आणि घोगरा आवाज आला. मणी घातला. मध आला. मग त्यांनी कारिनालाही मणी काढायला लावला, उभ्या राहिल्या, आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "बाद!"

कारिनाच्या हातातला पेला डचमळला. ती वैजयंतीबाईंकडे बघत राहिली, जणू इतके दिवस घरात राहणारी बाई तिला आत्ता दिसली होती.

*

एरोनं दोघींचे मणी टेबलावर ठेवून तपासले. ऋजुता बाळाला घेऊन शेजारी बसली आणि मणी बाहेर असेपर्यंत सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडे सांगत राहिली.

"आई, मैदानावर म्हणतेस तसं काहीतरी म्हण," ती म्हणाली आणि कारिनाचा मणी तिनं आपल्या कानात घातला.

"ए, रेषा ओलांडलीस, हो बाहेर!"

ऋजुतानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मला ऐकू आलं, 'माफ करा हं, तुमचं पाऊल कदाचित थोडं पुढं आलंय का?'"

एरोनं सेटिंगमधली एकच गोष्ट बदलली. बोलणारी व्यक्ती स्त्री होती, ती पुरुष केली. वैजयंतीबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी ऋजुताच्या कानात स्पष्ट आलं, "रेषा ओलांडलीस. बाहेर हो."

कारिना एकदम पुढं वाकली. "शीतल," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात ते किती प्रेमानं बोलायचे! मी तौनोला म्हटलं होतं, असा व्याही मिळायला भाग्य लागतं. मग अचानक कडक झाले. मला वाटलं, आमचं काहीतरी चुकलं. दोन वर्षं मी त्यांना भिऊन बोलते आहे."

ऋजुताला आठवलं. दुभाष्याची नोंदणी करताना यंत्रानं शीतल या नावावरून पप्पांना बाई समजलं होतं. आठवड्यानं लक्षात आल्यावर त्यांनी हसत हसत ते दुरुस्त केलं होतं. माणूस तोच, शब्द तेच. फक्त एक खूण बदलली, आणि औलूमध्ये एक मायाळू माणूस करारी झाला.

एरोनं मग नीट समजावलं. स्वभाव-थराकडे एक तक्ता होता, देशोदेशींच्या लोकांना प्रश्न विचारून बनवलेला. बायका कशा असतात, पुरुष कसे असतात? जवळपास सगळीकडे लोकांनी तेच सांगितलं होतं. बायका मऊ, पुरुष कठीण. प्रत्यक्षात माणसं मोजायला गेलं तर फरक थोडा निघतो, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. पण तक्ता मोजून नव्हता बनवला, समजुती विचारून बनवला होता. शिवाय माणसाला स्वतःबद्दल विचारलं तरी पंचाईतच.

"म्हणजे?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कुणी विचारलं, तुम्ही शांत आहात का, तर तुम्ही स्वतःला कुणाशी ताडून बघाल?"

वैजयंतीबाईंनी विचार केला. "माझ्या जावेशी. ती फार शांत."

"बघा. तुमच्या मनातली पट्टी जावेची. माझी आई इथल्या पुरुषांशीही ताडून बघेल, कारण आयुष्यभर ती त्यांच्यात वावरली. दोघींनी 'थोडी शांत' असं उत्तर दिलं तर यंत्राला दोघी सारख्या वाटतात. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, हे त्याला कुठं माहीत?" त्यानं मणी बोटांत फिरवला. "आणि तक्त्यात न बसणारा आवाज आला, की यंत्राला वाटतं ऐकण्यातच चूक झाली. ते त्याला मधोमध ओढतं. कर्णयंत्रातही असंच होतं. जे अनोळखी, ते गोंगाट समजून दाबून टाकायचं."

"म्हणजे माझा स्वभाव म्हणजे गोंगाट?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आणि माझाही," कारिना म्हणाली.

त्यात आणखी एक भर होती. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं की यंत्र समजायचं, आपलं बरोबर आहे, आणि पुढच्या वेळी तसंच, थोडं जास्त करायचं. दोन वर्षं चार माणसं रविवारी एकमेकांकडे बघून हसत होती, आणि यंत्र त्यांना अधिकाधिक गोड करत चाललं होतं. तक्रार करायला कुणाला कारणच नव्हतं.

एरोनं थर बंद केला आणि मणी दोघींना परत दिले. आता शब्द शब्दासारखे येणार होते.

"विहीणबाई," वैजयंतीबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "ते वाटाण्याचं सूप माझ्या घशाखाली उतरत नाही."

कारिना थक्क झाली. "तुम्ही म्हणाला होतात, असंच राहू द्या! मला स्वतःला ते आवडत नाही. मी महिनाभर वाटाणे भिजवतेय!" मग तिनं बोट रोखलं. "आणि तुम्ही बाळाला धरता ते बटाट्याच्या पोत्यासारखं. पहिल्या दिवसापासून सांगतेय, मानेखाली हात द्या."

"मग ओरडून सांगायचं की!"

"ओरडूनच सांगत होते!"

दोघी हसल्या. हसता हसता कारिना म्हणाली, "शीतल नुसतं कोरडं 'येतो' म्हणाले होते, पण तुम्ही यायला किती उत्सुक होतात. ते तरी खरं ना?"

वैजयंतीबाईंचं हसू थांबलं. ऋजुता बाळाचं दुपटं नीट करत होती, तिचा हात थांबला.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि आता त्यासाठी यंत्रही नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, मला नका बोलावू. ह्यांना पाठवते."

ऋजुता उठली, बाळाला एरोच्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत गेली.

वैजयंतीबाई तिच्या मागं गेल्या. ती पलंगाच्या कडेवर पाठमोरी बसली होती.

"तू का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तू फोनवर हसत होतीस."

"मग म्हणून आलीस?"

"म्हणून आले. त्यात खोटं काय आहे, तेवढं सांग."

"खोटं काही नाही, आई." ऋजुता तशीच पाठमोरी म्हणाली. "पण महिनाभर मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होते, आई आपणहून आलीये. ती आई त्या मण्यानं बनवलेली होती."

वैजयंतीबाईंना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. त्यांनी ठेवला नाही. पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसल्या. 

"मी लहान असताना मला कधी कबड्डी म्हणून झोपवलं होतंस?" ऋजुतानं विचारलं. तिनं ते ऐकलं होतं तर.

"नाही. तू पप्पांजवळच शांत व्हायचीस. मी दौऱ्यावरून आले, उचललं, की रडायचीस. माझा आवाज मोठा, हात राकट. मला वाटायचं, हिला माझा त्रास होतो. मग मी लांबूनच बघायचे."

"त्रास नव्हता होत ग. मी तुला विसरलेली असायचे."

वैजयंतीबाईंनी मान हलवली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

*

पुढचे दिवस सोपे नव्हते. ऋजुता आईशी नीट बोलायची, पण जपून. उलट दोन विहिणींचं भांडण रोज व्हायचं आणि रोज मिटायचं. कारिना एकदा म्हणाली, "पहिल्या दिवशीच तुमचा खरा आवाज ऐकला असता, तर मी एरोला म्हटलं असतं, पोरा, विचार कर." वैजयंतीबाई म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं असतं." दोघींना कबूल करावं लागलं की त्या खोट्या गोडव्यानंच लग्न पार पडलं होतं.

रविवारी पडद्यावर शीतलराव आले. थर बंद होता. तौनो सुरू झाले ते थांबेचनात. बर्फ, गाणं, बाळाचे कान कुणासारखे, लहानपणी आपण विहिरीत पडलो होतो ते. शीतलराव तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"व्याही, तुम्ही एवढं बोलता?"

"मी नेहमीच बोलतो! तुम्हीच मला दोन वर्षं दटावत होतात!"

"मी?" शीतलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मी आयुष्यात कुणाला दटावलं नाही." आणि त्यांचा तो हलका, भिजलेला आवाज जसाच्या तसा पोचला, तसे तौनोही डोळे पुसायला लागले.

पडदा बंद झाल्यावर वैजयंतीबाई म्हणाल्या, "मी परत जाते. परवाना ह्यांच्या नावावर करून घ्या."

ऋजुतानं वर बघितलं. "तुला जायचंय?"

"नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांनाच आश्चर्य वाटलं. "आता जायचं नाहीये. आता कुठं मान धरायला जमतंय. पण त्या माणसानं लाडू बांधले, मोजे माझ्या बॅगेत भरले आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्यांची जागा मी घेऊन बसलेय. ती त्यांना दिली पाहिजे."

 त्या संध्याकाळी ऋजुता आईच्या शेजारी येऊन बसली आणि डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं.

"तुमच्याकडे मुलींच्या निवड चाचण्या आहेत म्हणता," कारिना म्हणाली. "मी बघायला आले तर चालेल का? इथं दोन आजोबा असतील. आजी कशाला हवी?"

*

नोव्हेंबरात, एकाच दिवशी, सकाळी शीतलरावांचं विमान उतरलं आणि दुपारी विहिणींचं निघायचं होतं. दोघांनी एकत्र असायला नियमानं एवढाच वेळ मिळत होता. शीतलराव बाहेर आले तेव्हा तौनोनं त्यांना मिठी मारली आणि बोलायला सुरुवात केली. शीतलरावांनी मान डोलावली, आणि आधी हात धुवायला गेले. साबणानं, कोपरापर्यंत. परत येऊन त्यांनी सुवीला घेतलं. तिचं डोकं त्यांच्या तळहातात असं बसलं, जणू तो तळहात तेवढ्यासाठीच बनवला होता. तौनोसुद्धा गप्प झाले. शीतलराव कुणाकडेच बघत नव्हते. वैजयंतीबाईंना नवऱ्याचा थोडा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, ज्यासाठी त्यांनी तोंड फिरवून बॅगेचा बंद घट्ट केला.

ऋजुता त्यांना तपासणीच्या रांगेपर्यंत सोडायला आली.

"परत कधी येशील?"

"मार्चमध्ये. चाचण्या संपल्या की लगेच. तोवर पप्पांचा परवाना संपेल."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"कुणी नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला यायचंय."

ऋजुतानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि मग गळ्यात पडली. दोघींच्या मागं माणसं खोळंबली होती. वैजयंतीबाईंच्या कानातल्या मण्यात, रांगेच्या पुढून, एक घोगरा, जाडाभरडा आवाज जसाच्या तसा आला.

"विहीणबाई, रडायचं ते विमानात रडा! रांग पुढं सरकलीय!"